सव्वाचार कोटी अंकांचा हट्ट

उन्हाळा चढला तसा वाळवंटाकाठच्या तोझर शहरात मुन्सिफच्या घरातला एकुलता एक एसी कॉम्प्युटरच्या खोलीत गेला. तेव्हापासून मुन्सिफ, त्याची बायको वसीला आणि आई गच्चीवर झोपत. दिवसा मात्र घरात भट्टी पेटलेली असे.

मुन्सिफ शाळेत गणित शिकवायचा. हिवाळ्यापासून तो एक संख्या तपासत होता. दोनाचा भलामोठा घात करायचा आणि त्यातून एक वजा करायचा. अंक सव्वाचार कोटी. ती मूळ संख्या निघाली, तर आजवरच्या सगळ्यांत मोठ्या मूळ संख्येवर त्याचं नाव लागणार होतं.

इंटरनेटवर अशा संख्या शोधणाऱ्यांचा एक गट होता. गटाकडून संख्या मागितली की ती आधी चाळून मिळायची, म्हणजे तिचे छोटे भाजक कुणीतरी शोधून पाहिलेले असायचे. मुन्सिफला वाटून दिलेलं काम नको होतं. त्याने स्वतःच एक घातांक निवडला आणि थेट लांबलचक चाचणी सुरू केली.

"काय मुन्सिफसाहेब, आकडा बाळंत झाला का?" कॉफीच्या दुकानात त्याचा मित्र तायेब रोज विचारायचा.

"दिवस भरत आलेत."

"हत्तीण बरी रे तुझ्यापेक्षा."

जुलैत एका दुपारी वीज गेली. कॉम्प्युटर बंद पडला. मुन्सिफ घामाघूम होऊन चरफडत बसला. चाळा म्हणून त्याने लॅपटॉप उघडला आणि राहून गेलेली चाळणी लावली. अशा संख्येचा भाजक कसाही असत नाही. घातांकाच्या दुपटीने त्याला भागलं, तर बाकी एकच उरावी लागते. त्यामुळे तपासायचे उमेदवार थोडेच.

चहा गार व्हायच्या आत पडद्यावर एक सतरा अंकी भाजक आला.

त्याने तो पुन्हा ताडून पाहिला. मग तिसऱ्यांदा. बाकी शून्य. संख्या मूळ नव्हती, कधीच नव्हती. हिवाळ्यात दहा मिनिटं दिली असती, तर तेव्हाच कळलं असतं.

वीज आली. कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला आणि जिथे थांबला होता तिथून इमानदारीत पुढचे गुणाकार करू लागला. एसीही घुरघुरला.

वसीला दारात आली. त्याचा चेहरा पाहून म्हणाली, "काय झालं?"

"भाग गेला."

"कशाने?"

"सतरा अंकी आहे. सांगून काय करू?"

"मग हा अजून काय मोजतोय?"

वसीला गेली ती सासूची गादी घेऊनच आली आणि तिने ती एसीखाली टाकली. आई आडवी झाली. तिने क्षणभर डोळे मिटले, मग कॉम्प्युटरकडे हात केला.

"मुन्सिफ, हे तेवढं बंद कर बाबा. केवढी गरम हवा फेकतंय."

त्याने चाचणी थांबवली. आतापर्यंतचं काम जपून ठेवायचं का, असं पडद्यावर आलं.

"कर ना लवकर," आई म्हणाली.

त्याने 'नाही' दाबलं आणि पुन्हा हात जाऊ नये म्हणून कॉम्प्युटरची वायरही भिंतीतून उपसली.