चाळीतल्या शेवटच्या संमतीचा तपास

त्या चाळीच्या जागी आता उंच इमारत उभी आहे, पण तिच्या मंजुरीचं प्रकरण मला काल घडल्यासारखं आठवतं. माझं निवृत्तीचं वर्ष होतं. राज्य सरकारनं नवा कायदा आणला होता. दाट वस्तीत उंच इमारत बांधायची, तर महापालिकेनं ठरल्या मुदतीत निर्णय द्यायचा. नाही दिला, तर मंजुरी मिळाली असं धरायचं. मला तो कायदा मनापासून पटला होता. माणसं वाढतात, खोल्या वाढत नाहीत. अट एकच, चाळीतल्या प्रत्येकानं अधिकाऱ्यापुढं कॅमेऱ्यासमोर संमती द्यायची.

मुदत संपत आली असताना चाळीतली एक चाची कोल्हापुरातल्या आमच्या पोलीस ठाण्यात आली. दारातच अंमलदारावर कडाडली, "ओ पावणं, सायबास्नी भेटू द्या की!"

आत येऊन म्हणाली, "सायेब, मंजुरी थांबवा. शेजारची म्हातारी महिनाभर इचलकरंजीला लेकीकडं हाय. आन् तिची संमती हितं झाली म्हणत्यात. कशी झाली?"

"मंजुरी थांबली तर तुमचंही घर अडेल."

"म्हायती हाय की."

तिच्या एका खोलीत मुलगा, सून, नातवंडं. झोपायला कुणीतरी जिन्यात जायचं. घराची सगळ्यात जास्त गरज तिलाच होती!

अर्ज घेतला, चौकशी लावली. म्हातारी ठणकावून म्हणाली, "म्हैनाभर कोल्हापुरात म्या पाऊल सुदीक टाकलं न्हाय!" तिचा पुतण्या मात्र भलता बेरकी. "मीच रिक्षानं आणून परत सोडली. वय झालंय, विसरती काकी." लेक त्या दिवशी यंत्रमागावर पाळीला होती, तिला काही सांगता येईना.

मग संमतीचं चित्रण मागवलं. बाईनं पदर नाकापर्यंत ओढलेला. अधिकाऱ्यानं नवऱ्याचं नाव विचारलं, तिनं आडनावासकट घडाघडा सांगितलं. ते बघून चाचीनं कपाळावर हात मारला.

"अगं बया! लगीन झाल्यापास्नं तिनं नवऱ्याचं नाव घेतलं न्हाय. रेशनच्या दुकानात बी माझ्याकडनं वदवून घेती!"

पुतण्याला पुन्हा समोर बसवलं. आवाज चढवला नाही. "काकीच्या तोंडून काकाचं नाव कधी ऐकलंस?"

"सासू हुती माझी," तो पुटपुटला. त्या खोट्या संमतीतच नवा फ्लॅट त्याला स्वतःच्या नावावर करून घ्यायचा होता. परक्या बाईच्या नवऱ्याचं नाव घ्यायला सासूला कसला संकोच? शहाण्यानं सगळं पाठ करून घेतलं आणि घरातली रीतच विसरला.

तोतयेगिरीचा आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. मंजुरी अडली, आणि चाळ चाचीवर उलटली. नळावर तिच्याशी कुणी बोलेना. मला फार वाईट वाटलं.

शेवटी म्हातारी स्वतः आली. अधिकाऱ्याच्या कॅमेऱ्यापुढं, अख्ख्या चाळीसमोर म्हणाली, "खोली माझी. द्यायाची का न्हाय, ते मी ठरवणार, पुतण्या कोण? हिनं मला बेघर हुण्यापास्नं वाचवलं. आन् आता माझ्या तोंडानं सांगते, बांधा घरं!" त्याच आठवड्यात मंजुरी मिळाली.

कायद्यानं घाई जरूर करावी. पण त्या घाईत कुणी चिरडलं जात असेल, तर थांबा म्हणणारं माणूस लागतंच. मी चाचीला विचारलं होतं, "घर हातचं जाईल याची भीती नाही वाटली?"

"वाटली की, सायेब! ठाण्याच्या दारातनं माघारी फिरले हुते."

नोकरीत धाडसी माणसं पुष्कळ बघितली. पण धाडस म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मला ती माघारी वळून पुन्हा आत आलेली बाई आठवते.