मागं कुणी बसायचं न्हाई

धनाजी आमच्या भोरात शववाहिका चालवतो. माणूस सोन्यासारखा, पण गाडी अशी हाकायचा की पायी जाणारा पुढं निघून जावा. माझ्या गॅरेजात आला की म्या झापायचो, "अरं बाबा, मेलेलं माणूस तक्रार करतंय व्हय?" तर म्हणायचा, "दणका बसतो रं त्यांना."

ही खोड त्याची बायको गेल्यापासनं. अश्विनी पुण्याच्या दवाखान्यात वारली, तवा त्यानंच तिला आपल्या गाडीतनं गुंजवण्याला, गावच्या घरी आणली. वाटभर मागं सांगत आला, "वळण आलंय गं, संभाळ." पुढं गाडी रिकामी असली, दुसऱ्याची असली, तरी वळण सांगणं सुटलं न्हाई.

आता त्याला ॲम्ब्युलन्सवर घेणार व्हते. गडी रडकुंडीला आला. "मानसिंग, मागं जिता पेशंट असला आन् माझा पायच ॲक्सिलेटरवर दाबला गेला न्हाई तर? जीव जाईल की कुणाचा."

म्हणून म्या त्याला माझ्या अल्टोत घालून मार्गासनीच्या माळावर नेला. पुण्याची मंडळी तिथं ऑटोक्रॉस भरवणार व्हती. शर्यतच, पण एका वेळी एकच गाडी, भांडण फक्त घड्याळाशी. रस्त्याच्या कामावर ठेवतात तसल्या नारंगी टोप्या मांडायच्या आन् त्यांच्यातनं वळणं काढत जायचं. टोपी पडली तर वेळ वाढतो, बाकी काय बिघडत न्हाई.

सकाळचं धुकं लई दाट. आधी गाडीची तपासणी झाली. स्टेपनी, जॅक, पाण्याची बाटली, सगळं सुटं सामान खाली काढायला लावलं. मागच्या सीटवरनं हात फिरवून बघितला. मग नवखे सगळे वळणं पाठ करायला चालत फिरले. धनाजी मान मागं वळवून पुटपुटत व्हता, "डावीकडं हाय. आता उजवीकडं, दमानं." एक पोरगं म्हणालं, "काकांची पद्धत भारी आहे."

नवख्याशेजारी जाणत्यानं बसलेलं चालतं, म्हणून हेल्मेट घालून म्या बसलो. पहिली फेरी वरातीसारखी झाली. हसलं कुणी न्हाई, उलट टाळ्या वाजवल्या. मलाच राग आला. "दाब की! बैलगाडी हाय व्हय?" त्याचा पाय काय दाबला जाईना.

दुसऱ्या फेरीला रेषेवर उभं ऱ्हायलो. निशाण धरलेली पोरगी, शुभ्रा, खिडकीशी वाकली. "काका, मागच्या काकूंना उतरवा ना. मागं कुणी बसायचं नाही."

म्या दचकलो. वळून बघितलं. सीट रिकामी.

धनाजी मात्र दचकला न्हाई. उतरला, मागचं दार उघडलं. "उतर गं जरा येळ. नियम हाय त्यांचा." दार धरून तसाच उभा ऱ्हायला. देवाशप्पथ सांगतो, गाडीचं मागचं अंग किंचित वर आलं. जन्म गेला माझा स्प्रिंगा बदलण्यात, मला कळतं.

"काकू, त्या प्रेक्षकांच्या दोरीपाशी थांबा हं," शुभ्रा म्हणाली आन् तिनं निशाण खाली टाकलं.

मग जी गाडी सुटली! मागचं चाक घसरलं, दोन टोप्या उडाल्या, म्या आई गं आई गं करत दार धरून बसलो. धनाजीनं एकही वळण तोंडानं सांगितलं न्हाई. "जमलं रं गड्या!" म्या त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्यानं गाडी थेट दोरीपाशी नेली. उतरून मागचं दार उघडलं आन् इकडं तिकडं बघायला लागला. शुभ्राला विचारलं.

"त्या गेल्या की," ती धुक्यात बोट दाखवून म्हणाली. गुंजवणं त्याच अंगाला. "तुम्हाला हात केला त्यांनी. तुमचं लक्ष पुढं होतं."

धनाजी उघडं दार धरून बराच येळ उभा ऱ्हायला. मग त्यानंच ते लावलं.

परत येताना गाडी त्यानंच चालवली. वळणं आली, गेली, गडी गप्प. नसरापूरच्या अलीकडं एकदाच बोलला, "मानसिंग, गाडी हलकी लागतीया रं." आन् ढसाढसा रडायला लागला. पाय मात्र दाबलेलाच व्हता.