राजापुढे उभे राहिलेले ताहिरभाई

ताहिरभाई होडेकर कोरियाच्या राजापुढे उभे राहून आलेत, ही गोष्ट बहारीनमधल्या हिद्दच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पोरासोरांनासुद्धा पाठ होती. विश्वास मात्र एकाच माणसाचा होता, त्यांच्या बायकोचा, हलिमाचा. मी त्यांच्या वरच्या मजल्यावरची कस्तुरी. माहेर पुण्याचं, सासरही पुण्याचं, त्यामुळे कुणी काही सांगितलं की आधी पुरावा मागायचा हे माझ्या रक्तातच आहे.

ताहिरभाई मूळचे बाणकोटचे. वीस वर्षं जहाजावर फिटर होते, गेली तीन वर्षं इथल्या शिप रिपेअर यार्डात आहेत. छातीपर्यंत दाढी, आणि आवाज असा की त्यांनी खाली शिंक दिली तर मी वर "सत्य" म्हणते. तर त्यांची कथा अशी, की शेवटच्या सफरीत त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी कोरियात बुसानला दीड महिना थांबलं होतं. तिथल्या मशिदीत ते जुम्म्याच्या नमाजाला गेले. बाहेर एक कोरियन पोरगी उभी होती, ती दाढीवाले निवडत होती. राजघराण्यावर सिनेमा चाललाय, दरबारात परदेशी व्यापारी हवेत, येता का? हे गेले. रेशमी झगा, डोक्याला फेटा, समोर सिंहासनावर राजा, बाजूला राजमाता आणि दोन राण्या. ह्यांनी राजाला दुवा दिली आणि परत जहाजावर आले.

मी नाक वर करून सांगून टाकलं होतं की कोरियाच्या दरबारात दाढीवाले मुसलमान कुठून येणार? मला त्यातलं कळतं. राजवाड्याच्या इतक्या मालिका बघितल्यात मी, की कुठल्या राणीच्या अंबाड्यात कुठला आकडा असतो ते झोपेत सांगेन. मग एकदा हलिमानं फारच केविलवाणं तोंड केलं म्हणून शोधून बघितलं, तर काय, सहाशे वर्षांपूर्वी तिकडच्या दरबारात खरोखरच मुसलमान व्यापारी जायचे आणि राजाला आयुष्य चिंतायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

पण व्यापारी होते म्हणून ताहिरभाई होते असं थोडंच ठरतं? निर्मात्यांची भांडणं लागली आणि सिनेमा अडकला. एक वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली. हलिमाचा चुलतभाऊ जैनुद्दीन दर शुक्रवारी जेवायला यायचा आणि हात धुता धुता विचारायचा, काय दाजी, महाराजांचा काही निरोप? माझा नवरा सलील अस्कर गावच्या ॲल्युमिनियम कारखान्यात अकाउंट्सला आहे, तो म्हणायचा की थाप मारावी तर अशी, तपासता येत नाही. ताहिरभाई दाढीतल्या दाढीत हसायचे. हलिमाला मात्र हे फार लागायचं.

तिला दुसरंही एक सलत होतं, ते तिनं फक्त मला सांगितलं. ताहिरभाई चारचौघांत म्हणायचे, जहाज सोडलं ते हिच्यापायी, फोनवर रडायची, मग काय करणार. हलिमा कधीच रडली नव्हती, सोडा असंही म्हणाली नव्हती. तरी ती ऐकून घ्यायची. संध्याकाळी ते बंदराकडे टक लावून बसले की तिला वाटायचं, आपण न बोलता ह्या माणसाला बांधून घातलं की काय.

आणि गेल्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, कणीक मळता मळता मी फोनवर थिएटरची जाहिरात बघितली. ताहिरभाईंनी सांगितलेल्या नावाचा तोच सिनेमा. तोच राजवाडा. इथेच बहारीनमध्ये, सीफच्या मॉलमध्ये, चारच दिवस. कणकेच्या हातानं मी जिना उतरले, लिफ्टची वाट बघायला वेळ कुणाला होता? हलिमानं फोन हातात घेतला, ते पोस्टर बोटांनी मोठं करून करून बघितलं, आणि आम्ही दोघी बायका स्वयंपाकघरात अक्षरशः नाचलो. चाळिशी उलटलेल्या बायका, पण नाचलो. दुपारपर्यंत तिनं अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं होतं. शुक्रवारचा चारचा शो, एकोणीस तिकिटं, एक अख्खी रांग.

ताहिरभाईंना कळलं आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. शुक्रवारी ओव्हरटाइम आहे म्हणाले. ओव्हरटाइम नव्हता. मग पोट बिघडलं. मग म्हणाले, बायकामुलांनी बघण्यासारखा सिनेमा नसेल, राजवाड्यात नको नको ते चालतं. माझं डोकंच फिरलं. म्हणजे थापच होती तर, आणि आता ती बिचारी अठरा माणसांसमोर तोंडघशी पडणार. गुरुवारी जिन्यात गाठलंच त्यांना.

"ताहिरभाई, खरं सांगा. तुम्ही त्यात आहात की नाही?"

"आहे हो," ते म्हणाले. "तोच तर घोळ आहे."

आणि निघून गेले. ह्या उत्तराचा मला अर्थच लागेना. थाप पकडली गेली की माणूस असंच काहीतरी गुळमुळीत बोलतो, असं मी सलीलला सांगितलं. हलिमाला आधीच सावध करावं असं शंभरदा मनात आलं. पण ती नवा सलवार-कमीज इस्त्री करत होती, माझी जीभ रेटेना.

शुक्रवारी आमची वरात निघाली. ताहिरभाई आले, पण रांगेच्या पार टोकाला, टोपी कपाळावर ओढून बसले. हलिमा माझ्या शेजारी. सिनेमा सुरू झाला आणि काय सांगू, काय तो राजवाडा. राजमाता एवढीशी, पण तिनं नुसती पापणी उचलली की प्रधान चळाचळा कापायचे. थोरल्या राणीचा मुलगा आजारी, धाकटीचा गादीवर डोळा. एरवी मी त्यात बुडून गेले असते. पण मी दाढ्या शोधत होते. अर्धा तास, दाढी नाही. तास झाला, दाढ्या आल्या त्या प्रधानांच्या, पातळ आणि टोकदार. जैनुद्दीन पलीकडून कुजबुजला की दाजी बहुतेक घोड्यांमागे असतील. हलिमानं माझा हात घट्ट धरला होता. दीड तास झाला. मी मनातल्या मनात गणपतीला सांगितलं की कोपऱ्यात का होईना, पाठमोरा का होईना, दाखव बाबा एकदाचा.

मग नव्या वर्षाचा दरबार भरला. ढोल वाजले. दारातून पाच परदेशी व्यापारी आत आले, आणि मधोमध, हिरव्या रेशमी झग्यात, आमचे ताहिरभाई. पाठमोरे नाहीत, कोपऱ्यात नाहीत, पडदाभर ताहिरभाई. आमची अख्खी रांग उठून उभी राहिली. सलीलनं, थाप म्हणणाऱ्या माझ्या नवऱ्यानं, शिट्टी मारली. पुढची माणसं वळून बघायला लागली, तरी कुणी बसेना.

राजानं हात वर केला. ताहिरभाई गुडघ्यांवर बसले, हात पसरले, आणि त्या दणदणीत आवाजात बोलले.

"हलिमा, मना आता दर्या नको. मना घराला बोलव. एकट्यान जेवून जेवून जीव विटला गो."

खाली अक्षरं उमटली, की पश्चिमेचे व्यापारी महाराजांना दहा हजार वर्षांचं आयुष्य चिंतितात. पुढच्या रांगेतलं बहारीनी कुटुंब गंभीरपणे वाचत होतं. आमच्यातला जैनुद्दीन आधी खो खो हसला, मग आम्ही सगळेच. आणि मग हसू आपोआप थांबलं, कारण पडद्यावर ताहिरभाईंचे डोळे भरून आले होते. राजाला त्यातलं अक्षर कळलं नसणार, पण तोही गहिवरला. मी तर रडायलाच लागले, लाजबीज काही वाटली नाही.

हलिमा हलली नाही. सिनेमा संपेपर्यंत ती पडद्याकडेच बघत होती, पण धाकट्या राणीनं शेवटी काय केलं हे तिला विचारलं तर सांगता येणार नाही.

बाहेर सगळ्यांनी ताहिरभाईंना घेरलं. तेव्हा कुठे त्यांनी सगळं सांगितलं. अरबीतली दुवा त्यांनी तीनदा नीट म्हटली होती. दिग्दर्शकाला ती पाठ केल्यासारखी वाटली. दुभाषी म्हणाला, तुमच्या घरच्या भाषेत बोला, राजाकडे मनापासून काही मागा. तेरा महिने घर बघितलं नव्हतं. जे मनात होतं ते तोंडातून गेलं. हे लोक नेमकं तेच ठेवतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

हलिमा गर्दीतून पुढे आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तीन वर्षं मला वाटतंय, मी तुम्हाला समुद्रापासून तोडलं," ती म्हणाली. "राजाला सांगितलंत आणि मला नाही सांगितलंत?"

ताहिरभाईंनी टोपी काढून हातात घेतली.

"राजाला कुठे समजत होतं?"

 मग हलिमा माझ्याकडे वळली, डोळे पुसले आणि म्हणाली, "कस्तुरीताई, उद्याची पण तिकिटं काढा. दोनच."