गाजराचं तेल

त्या संध्याकाळी मी गाजर किसलं आणि हिनं ते खोबरेलात मंद आचेवर कढवलं. मिठागरावर राबून हिचे गाल तडकले होते. पनवेलच्या डॉक्टरीणबाई म्हणालेल्या, "लावा, अपाय नाही. रंग तेवढा चढेल. पण उन्हात पदर घ्यायचाच."

तेल लावून पिवळे झालेले हिचे गाल बघून मी म्हणालो, "परत हळद लागली काय गं?"

"लागू दे. या टायमाला नवरा बघून घेईन."

पहाटे ती झोपेतच गेली. काळीज बंद पडलं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पण आंघोळ घालताना बाया कुजबुजल्या, "कावीळ होती. यानं दवाखाना दावला नाय."

"गाजर हाय ते!" मी ओरडलो. कुणालाच पटलं नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं तेल मी माझ्या गालांना चोळलं आणि नळावर त्या बाया पाणी भरत होत्या, तिथं जाऊन उभा राहिलो.