हॉस्पिटॅलिटी म्हणजे काय गं?

खराडीतल्या कंपनीत नोकरी लागली आणि मी यवतमाळहून पुण्यात आले. महिनाही झाला नव्हता, तोच मी राहत होते ते हॉस्टेल मालकानं अचानक बंद केलं. रविवारी दुपारी बॅगा घेऊन फुटपाथवर उभी होते. शहरात ओळखीची अशी एकच, ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण. फोन केल्यावर ती रिक्षा घेऊनच आली आणि मला खडकीला आपल्या घरी घेऊन गेली.

पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात राहिलेलं मुसलमान कुटुंब. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आई घरीच शिवणकाम करायची. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर काकूंनी त्याच संध्याकाळी नवी कढई आणली.

"काकू, कशाला एवढं?"

"तुला निवांत जेवता यावं म्हणून."

काकांनी स्वागत वेगळ्या पद्धतीनं केलं. "पाणी सकाळी लवकर जातं. नंतर आंघोळ करायची असेल, तर मुळा नदी जवळच आहे." ते माझ्यावर रागावलेत असंच मला वाटायचं. मग एका सकाळी पाहिलं, दुकानाला निघताना ते माझ्या डब्याचं झाकण नीट लागलंय का, ते दाबून बघत होते.

खोली मिळायला बरेच दिवस गेले. मिळाली, तेव्हा मी मिठाई आणि एक कार्ड घेऊन त्यांच्याकडे गेले. कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं, तुमच्या हॉस्पिटॅलिटीबद्दल मनापासून आभार. ऑफिसच्या मेलमध्ये आम्ही असंच लिहायचो.

काकूंनी अक्षरं जुळवत तो शब्द वाचला. "हॉस्पिटॅलिटी म्हणजे काय गं? माझा भाचा त्याचाच कोर्स करतोय. टाय लावून हॉटेलच्या दारात उभा राहतो."

"तेच काकू, पण घरी केलेल्यालाही म्हणतात. आदरातिथ्य."

"आदरातिथ्य पाहुण्यांचं असतं," काका घड्याळातून डोकं वर न काढता म्हणाले. "आपण तर इथं रोज मेथी निवडत होता."

मला एकदम "आपण" म्हटल्यावर सगळेच हसले. काकूंनी मात्र कार्ड टेबलावर ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, आभार मानलेस की लांबची वाटतेस."

मी कार्ड उचललं आणि परत पर्समध्ये टाकलं.

दिवाळीनंतर आई पुण्याला आली. तिला त्यांच्याकडे नेलं. वाटेत ती काय बोलायचं ते मनाशी घोकत होती. दारात काकू दिसल्या तशी म्हणाली, "बाई, माह्या पोरीले तुमी..." आणि घोकलेलं पुढचं सगळं विसरली. काकूंनी तिचा हात धरून तिला आत नेलं, शेजारी बसवलं. मटार सोलायचं चाललं होतं. थोड्या वेळानं आईही सोलू लागली. दोघी विहिणींसारख्या आम्हा पोरींच्या तक्रारी करत बसल्या. तिन्हीसांजेपर्यंत आई उठायचं नावच घेईना.