वयाचं कारण

एखादा व्यापारी घाबरून आमच्या कार्यालयात आला की मी त्याला एकच सल्ला देतो. प्रतिस्पर्ध्यांशी गुपचूप साटंलोटं केलं असेल तर इतरांच्या आधी स्पर्धा आयोगापुढे जाऊन कबूल करा. पहिल्याला दंडात सगळ्यात मोठी सूट मिळते. स्पर्धा कायद्याची ही प्रकरणं मी मुंबईत बरीच वर्षं पाहतो आहे. पण हा सल्ला देताना मला विज्ञान शिकवणारे माझे सर आठवतात आणि मी समोरच्याची नजर चुकवतो.

लातूरच्या भूकंपात आमच्या गावची शाळा पडली. सरांचंही घर गेलं. तरी त्यांनी आम्हा दहावीच्या पोरांना पत्र्याच्या शेडमध्ये शिकवलं. पत्रा तापला की फळा उचलून लिंबाखाली. मी शिकलो तो त्या वर्षाच्या जोरावर.

पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, तेव्हा सर एका क्लासमध्ये लागले. मीही तिथेच वकिली करत होतो. लातूर आणि नांदेड दोन्हीकडे शाखा असलेले पाच क्लासमालक एका दुपारी माझ्याकडे आले. त्यांना शिक्षकांची पळवापळवी थांबवायची होती. मी एका पानाचा करार लिहून दिला: एकाकडून सुटलेल्या शिक्षकाला बाकी चौघांनी दोन वर्षं घ्यायचं नाही. शिक्षकांना हे कळू द्यायचं नाही, हे कलमही मीच सुचवलं. सर त्यातल्याच एकाकडे शिकवतात, हे लिहिताना माझ्या मनातही आलं नाही.

वर्षभरात सरांच्या पत्नीला अर्धांगवायू झाला. त्यांना माहेरी, नांदेडजवळच्या मुदखेडला ठेवून सर नोकरी सोडून नांदेडात काम शोधू लागले. मग एक दिवस माझ्याकडे आले.

“तू वकील माणूस, सांग बरं. तास बघून समदे वा वा करतात अन् दुसऱ्या दिवशी नको म्हणतात. माझं काय चुकून राहिलंय?”

मला माहीत होतं. मी म्हणालो, “सर, वय बघत असतील.”

पुढच्या वेळी ते दिसले तेव्हा केस काळे केलेले होते. कानाच्या पाळीलाही रंग लागला होता.

दोन वर्षं संपली, पण सरांनी पुन्हा कुठे विचारलं नाही. आपण म्हातारे झालो, हे त्यांनी मान्य केलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर माझ्याकडे राहिलेला तो कराराचा कागद घेऊन मी मुदखेडला गेलो. सगळं सांगितलं. सरांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

“अक्षर तुझंच हाय,” ते म्हणाले. “बाकीचे पाच बी येऊन राहिलेत का?”

“नाही सर. मी एकटाच.”

ते खाटेवरच्या पत्नीकडे वळले. “ऐकलंस का, वयाचं नव्हतं म्हणे.”

“मी तवाच म्हनले होते,” त्या अडखळत बोलल्या. “तुमीच त्या पोराचं खरं मानलं.”

सरांनी पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. कागद घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. मला कोणी बस म्हटलं नाही.