पट्टीवरचा डावा हात

आबा, म्हणजे माझे वडील, दौंडच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन होते. डबे जोडताना त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून तो हात कायम पँटच्या खिशात. फोटोतसुद्धा. घरात त्या हाताचा विषय कुणी काढत नसे.

ते निवृत्त होणार म्हणून पुण्यातल्या दादाने इंटरनेटवर त्यांच्या नावाचं पान उघडलं. निरोप समारंभात ते पडद्यावर दाखवायचं ठरलं. पानाच्या माथ्यावरची आडवी पट्टी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण शिरूरला माझं डीटीपीचं दुकान होतं आणि मला माझ्या कामाचा भारी तोरा होता.

फोटो झकास मिळाला होता. उजव्या हातात हिरवी झेंडी, डावा खिशात, नजर डावीकडे. पट्टीत मात्र आबा डाव्या टोकाला, मधे इंजिन, उजवीकडे नाव. म्हणजे आबा पट्टीबाहेर बघणार. आमच्या धंद्यात हे पाप. फ्लेक्सवरसुद्धा कडेच्या माणसाने आतच बघायचं असतं, नाहीतर गिऱ्हाईक विचारतं, "रुसलाय का ह्यो?" मी फोटो आरशात दिसतो तसा उलटा केला. मग रुंदी-उंची मापात बसवली आणि पट्टी जेपीजी करून दादाला पाठवली. त्याने लगेच लावलीही.

समारंभाच्या दिवशी सकाळी पट्टी उघडून मी स्वतःवरच खूश होत होते, तेवढ्यात नजर हातांवर गेली. झेंडी डाव्या हातात होती. पाचही बोटं शाबूत! खिशात गेला होता तो उजवा. यार्डातली माणसं म्हणणार, पोरीने बापाला बोटं चिकटवली. ज्या माणसाने आयुष्यात खोटं खपवून घेतलं नाही, त्यालाच मी चारचौघांत खोटा ठरवणार होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंग दोन वाजेपर्यंत, आणि दौंडची एसटी तीनला. मी त्या बंद मॉनिटरसमोर बसून राहिले.

दोनला लाईट आली. फोटो सुलटा केला, आबांना उजव्या टोकाला नेलं, नाव डावीकडे. पानाचा पासवर्ड माझ्याकडेही होता, पण चढवायला गेले तर फाईल मोठी, पान घेईना. घाईत क्वालिटी कमी करायची राहिली होती. कमी केली, पुन्हा चढवली. नव्वद टक्क्यांवर कनेक्शन तुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा तुटलं. तीनला पाच मिनिटं कमी असताना मी शटर ओढून एसटीकडे पळाले.

हॉलवर पोचले तेव्हा दादाने पान उघडून ठेवलेलं होतं. मी काही सांगायच्या आत दिवे मालवले, प्रोजेक्टर लागला आणि पडदाभर आबा दिसले, डाव्या हातात झेंडी घेतलेले. दादाला कळलंच नाही. यार्डातल्या एका मामांना कळलं.

"आरं, ह्याची बोटं कवा उगावली?"

कुणीतरी हसलं, मग कुणीच हसेना. मला तिथेच मरून जावंसं वाटलं. मी पुढे होऊन कशीबशी म्हणाले, "आबा, चूक माझी हाय. फोटू उलटा केला मी."

आबा खुर्चीतून उठले. पडद्यावरच्या त्या धडधाकट हाताकडे त्यांनी बघितलं. मग पडद्याजवळ गेले, खिशातला हात बाहेर काढला आणि प्रोजेक्टरच्या उजेडात धरला. पाच बोटांवर तीन बोटांची सावली पडली.

"ह्यो हाय माझा हात," ते म्हणाले. "ह्यानंच नोकरी केली."

समारंभाच्या फोटोवाल्याने तेवढ्यात बटण दाबलं. तोच फोटो मी नंतर पट्टीवर लावला. दादा म्हणाला, मापात नीट बसत नाही, थोडा काप. मी पडद्यावरचं नाव कापलं, मग इंजिन कापलं, हात तेवढा पुरा ठेवला.